एका कढईतलं काळं

संक्रांतीला काळं नेसायचं, यात नवल ते काय? बाकीच्या सणांना ज्या रंगाकडे कुणी ढुंकून बघत नाही, त्याला त्या एका दिवशी मान. थंडीत अंगाला ऊब देतं म्हणतात, तेवढंच. वरुडखेड्याच्या बायकांनी त्या साली मिळून काळं नेसायचं ठरवलं तेव्हा त्यांच्या मनात याहून जास्त काही नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नंतर ज्याला त्याला त्यात भलतंच दिसलं.

किल्लारीकडे भूकंप झाला त्याच हिवाळ्यातली ही गोष्ट. वरुडखेडं पैठण रोडपासून थोडं आत. एकेकाळी तिथून चितेगावपर्यंत नुसता माळ होता आणि त्या माळावर राजाबाईच्या सासऱ्याची मेंढरं चरायची. मग एकामागून एक कंपाउंडच्या भिंती उठल्या, भिंतींच्या आत पत्र्याची शेडं उभी राहिली, आणि राजाबाईचा नवरा भिकन उरलीसुरली मेंढरं घेऊन त्याच भिंतींच्या कडेकडेनं गवत शोधत हिंडू लागला. मेंढरं कमी झाली तशी राजाबाई भिंतीच्या आत कामाला लागली. विजेची बटणं खोक्यांत भरायचं काम. घर आता तिच्या पगारावर चालायचं. भिकन हे कबूल करायचा, फक्त मेंढरांसमोर नाही.

कारखान्याला बायका पुरवायचा ठेका बद्रीनाथकडे. गावातला मोठा शेतकरी, पंचायत समितीवर डोळा ठेवून असलेला. कुणाला कामावर घ्यायचं आणि कुणाला ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणायचं, हे त्याच्या जिभेवर होतं. त्याची बायको आशाबाई देखरेखीला म्हणून सोबत यायची. सगळ्यांना बटणं मोजायला लावायची, स्वतः एकाला हात लावायची नाही.

सकाळी बद्रीनाथचा टेम्पो सगळ्यांना घेऊन निघायचा. केबिनला पाठ टेकायला मिळते तिथं आशाबाई आणि तिच्या भावकीतल्या बायका. मधे राजाबाई आणि धनगरवाड्यातल्या दोघीतिघी. आणि अगदी मागं, फाळक्यापाशी, धुळीच्या तोंडावर, भीमनगरातली द्वारकाबाई. असं बसा म्हणून कुणी सांगितलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी ज्या जिथं बसल्या तिथंच वर्षानुवर्षं बसत आल्या.

कामावर मात्र राजाबाई आणि द्वारका समोरासमोर. राजाबाईनं खोकं उघडून धरायचं, द्वारकानं भरायचं. द्वारकाचा हात भारी चपळ आणि जीभ त्याहून. कारखान्याच्या साहेबाच्या चालण्याची ती अशी नक्कल करायची की राजाबाईच्या हातातलं खोकं गळून पडायचं. दोघींचं सगळं बोलून झालं होतं. सासरचं, माहेरचं, पोटातलं, ओठातलं. एक गोष्ट सोडून.

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव पहिल्यांदा झाला, त्या पावसाळ्यात मराठवाडाभर जाळपोळ झाली तेव्हा भीमनगरही जळालं होतं. द्वारकाचं घर त्यात होतं. राजाबाई तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली. सासऱ्यानं घरच्या सगळ्यांना मेंढरांच्या वाड्यात घातलं, काटेरी झाप लावलं आणि म्हणाला, “खाली बघा. काय बी दिसलं न्हाय आपल्याला.” राजाबाईनं खाली बघितलं. पण धूर काही खाली बघून चुकत नाही, तो वाड्यात आला आणि तिच्या डोळ्यांत गेला. पुढं कामावर द्वारकाशी गाठ पडली, जीव जडला, पण त्या दिवसाबद्दल ना ही बोलली, ना ती.

तर काळ्याचा विचार निघाला तो एका तांब्यावरून.

बायकांनी साहेबाकडं मागणं घातलं होतं, की दुपारी टेकायला एक खोली द्या, निदान आडोसा तरी. साहेब ‘बघू बघू’ करत होता. एक दिवस सखूबाईला काम करता करता चक्कर आली. सखूबाई आशाबाईच्या चुलत घराण्यातली, वयानं मोठी, सोवळ्याओवळ्याची कडक. ती खाली बसली, ओठ कोरडे पडलेले. द्वारका धावत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. सखूबाईनं तांब्याकडं बघितलं, द्वारकाकडं बघितलं आणि मान फिरवली. घशाला कोरड पडली होती, तरी राजाबाईनं दुसरा तांब्या आणेपर्यंत सखूबाई तशीच बसून राहिली. द्वारका हातातला तांब्या घेऊन उभी. तिनं ते पाणी स्वतः पिऊन टाकलं आणि कामाला लागली.

साहेब दारात उभा राहून बघत होता. तो म्हणाला, “आधी एकमेकींच्या हातचं पाणी प्या, मग माझ्याकडं खोली मागायला या.”

राजाबाईला ते लागलं. साहेब खवचट होता, पण खोटं बोलला नव्हता आणि त्याचाच तिला जास्त राग आला. संध्याकाळी टेम्पोत ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “संक्रांतीला सगळ्या जणी काळं नेसून येऊ. एका रंगात एका रांगंत बसू, दुपारी तिळगूळ वाटू. बघू दे त्याला. कोण कुठली, कळणार बी नाय.”

“त्याला नाय कळायचं,” फाळक्यापासून द्वारका म्हणाली. “आपल्याला कळंल की.”

कुणी हसलं नाही. पण काळं नेसायची हौस कुणाला नसते? आशाबाईसुद्धा ‘व्हय’ म्हणाली. राजाबाईनं द्वारकाला दुसऱ्या दिवशी कामावर विचारलं, “तू नेसशील ना?”

“हळदीकुंकू लावायचं नाय मला. देवाचं काय बी नगं.”

“नाय लावणार.”

“मग काळं नेसायला देव कशाला लागतो?” द्वारका खोकं भरत म्हणाली. “नेसन. शब्द दिला.”

गुलमंडीत जाऊन नवी काळी पातळं घ्यायची ऐपत कुणाची नव्हती. सखूबाईनंच सुचवलं, की जुनी पातळं रंगार गल्लीत नेऊन रंगवून आणावीत, एकदम टाकली की एकसारखी निघतील. गाठोडं न्यायचं राजाबाईकडं आलं. ती निघायच्या आदल्या दिवशी आशाबाईनं तिला बाजूला घेतलं.

“द्वारकाचं येगळ्या भांड्यात बुडवायला सांग. मला ते नेसून देव्हाऱ्यापुढं सुगडं पुजायचीत.”

राजाबाई “व्हय” म्हणाली. बद्रीनाथच्या बायकोला ‘नाय’ म्हणणारी बाई गावात अजून जन्मायची होती.

रविवारी ती एसटीनं शहरात गेली, क्रांती चौकात उतरली आणि डोक्यावर गाठोडं घेऊन गुलमंडीच्या गर्दीतून रंगार गल्लीत पोचली. रंगारी चाचा म्हातारा होता. कोपरापर्यंत हात कसल्या कसल्या रंगांनी काळेनिळे झालेले. भट्टीवर मोठी कढई उकळत होती. त्यानं एकेक पातळ झटकून बाजूला टाकायला सुरुवात केली आणि शेवटी तळाशी फडक्यात वेगळं बांधलेलं एक हाताला लागलं.

“ये अलग कायकू बांधे?”

राजाबाई बाकीची पातळं सारखी करू लागली.

“फटेला है?”

“नाय.”

“किसी बीमार का है?”

“नाय, चाचा.”

“फिर?”

आता सांगायचं काय? आशाबाईनं सांगितलेलं वाक्य तिला तोंडपाठ होतं. गावात ते कुजबुजून सांगायला काही वाटलं नव्हतं. इथं भर गल्लीत, परक्या म्हाताऱ्यापुढं, त्याच्या रंगलेल्या हातांकडं बघत ते तोंडातून बाहेर पडेना. द्वारका तांब्या घेऊन उभी होती ते तिला आठवलं. तिनं स्वतःच वाकून ती गाठ सोडली, आतलं जुनं सुती पातळ काढलं आणि आपल्या पातळावर ठेवलं.

“काय नाय,” ती म्हणाली. “एकातच टाका.”

चाचानं सगळी कढईत सोडली आणि लाकडानं ढवळायला लागला. लाल, हिरवं, फुलाफुलांचं, सगळं एकदा वर आलं, एकदा खाली गेलं, आणि मग कुठलं कुणाचं ते दिसेना. आशाबाईला कळलं तर काम जाणार, हे राजाबाईला ठाऊक होतं. पण तिथून उठावंसंही वाटेना. वाफ तोंडावर घेत ती बघत बसली.

पातळं वाळून हातात आली तेव्हा एक गंमत झाली. आशाबाईचं भारीतलं पातळ होतं, त्यानं रंगच धरला नाही. ते काळं व्हायचं सोडून चॉकलेटी झालं. “ये सूती नहीं है, अम्मा. नहीं पकडता,” चाचा म्हणाला. द्वारकाचं धुऊन धुऊन विरलेलं पातळ मात्र सगळ्यांत गडद निघालं. “कच्चा रंग है,” चाचानं बजावलं. “थोडे दिन अंग को लगेगा.”

गावात आल्यावर आशाबाईनं आपलं चॉकलेटी पातळ उलटसुलट करून बघितलं, नाक मुरडलं आणि विचारलं, “येगळं बुडवलं ना तिचं?”

“व्हय,” राजाबाई म्हणाली. आणि तिला वाटलं, विषय संपला.

भोगीच्या दिवशी गावात कुजबुज सुरू झाली. विद्यापीठाला उद्या नाव देणार म्हणे. इतकी वर्षं ‘उद्या’ ऐकून कान किटले होते, कुणी मनावर घेतलं नाही. पण रोडवरून पोलिसांच्या गाड्या जायला लागल्या. आणि संक्रांतीच्या दिवशी भीमनगरात हलगी वाजायला लागली, तेव्हा ज्याला त्याला कळलं की या वेळी खरं आहे.

राजाबाई तेव्हा काळं पातळ हातात घेऊन घडी मोडत होती. भिकन दारात मेंढरं सोडत होता. तो आत आला.

“ते नगं नेसू आज.”

“का? सण हाय.”

“बद्रीनाथ रातच्याला पारावर बोलत व्हता. फाट्यावर काळे झेंडे लावायचे म्हणून. नाव दिलं त्याचा निषेध. तुम्ही बाया नेमक्या काळ्या.”

राजाबाईच्या हातातली घडी तशीच राहिली. संक्रांतीचा काळा रंग आणि झेंड्याचा काळा रंग, हे दोन एकच असतील असं तिला इतक्या दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं. कुणालाच सुचलं नव्हतं. आपल्याच हातानं आपण ही सोय करून दिली, या विचारानं तिला कसंनुसं झालं.

“द्वारका तरी आज काळं नेसायची नाय,” ती म्हणाली. “आज तिचा दिवस.”

“मग तू बी नगं नेसू.”

“आन् बद्रीनाथनं इचारलं तर? काम सुटलं तर तुझी मेंढरं देणार हायत का पगार?”

भिकन मेंढरांकडं वळला. न नेसायचा धीर राजाबाईला झाला नाही. तिनं पातळ नेसलं, तिळगुळाचा डबा घेतला आणि गेली.

टेम्पोत एक आशाबाई सोडली तर सगळ्या काळ्या बसल्या होत्या, पण सणाचं बोलणं कुणाच्या तोंडी नव्हतं. भीमनगरच्या वळणावर टेम्पो थांबला. समोरच्या घरांवर निळे झेंडे लागले होते, पांढरी आणि निळी लुगडी नेसलेल्या बायका एकमेकींना पेढे भरवत होत्या. त्या निळ्या-पांढऱ्यातून एक काळी आकृती बाहेर आली.

द्वारका. डोक्यावरून पदर घेतलेला, मान खाली. तिची सासू पुतळाबाई कुडाला टेकून उभी होती आणि सुनेच्या पाठीकडं अशी बघत होती की राजाबाईला ते बघवेना.

द्वारका फाळक्यावर चढून आपल्या जागी बसली. राजाबाई मधली जागा सोडून सरकत तिच्याजवळ गेली.

“तू कशाला नेसलीस गं? आज?”

“शब्द दिला व्हता.”

“आगं, पण आज...”

“सासू बी हेच म्हणली. ‘आज काळं? आज?’ म्हणली.” द्वारका रोडकडं बघत बोलत होती. “मी म्हणलं, तिथं सगळ्या एका रंगात येणार. मी येगळी दिसले, की जन्मभर ह्या फाळक्यापाशीच.”

 फाट्यावर काय वाढून ठेवलंय ते सांगावं म्हणून राजाबाईनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात टेम्पो फाट्यावर येऊन थांबलाही.

रोडच्या अलीकडं गावातली पंधरावीस माणसं काठ्यांना काळी फडकी बांधून उभी होती. एक फोटोवाला होता. पलीकडं झाडाखाली भीमनगरातली माणसं पायवाटेनं येऊन एसटीची वाट बघत थांबली होती. त्यांना विद्यापीठाच्या गेटवर जायचं होतं. मधे रिकामा डांबरी रोड.

बद्रीनाथ केबिनमधून उतरला. बायकांकडं बघून त्याचा चेहरा फुलला.

“उतरा. जरा वेळ रांगंत उभ्या राहा, फोटो काढू आन् जाऊ कामावर. काळं नेसलंच हाये तुम्ही, मला सांगावं बी लागलं न्हाय.” मग फाळक्याकडं वळून म्हणाला, “द्वारकाबाई, तू बस आतच. तुझं काय काम नाय.”

आशाबाई उतरली. तिच्यामागून एकेक सगळ्या उतरल्या. राजाबाईही उतरली. ‘आपण उतरायचं नाही’ असं मन म्हणत होतं आणि पाय जमिनीला लागले होते. कुणीतरी तिच्या हातात काळं फडकं बांधलेली काठी दिली. तिनं ती धरली आणि खाली बघितलं.

पायवाटेनं पुतळाबाईही झाडाखालच्या माणसांत येऊन पोचली, तोवर द्वारका रिकाम्या टेम्पोत बसून होती. मग ती उतरली. कुणाकडं न बघता रोड ओलांडून आपल्या माणसांकडं निघाली. पण पलीकडच्यांना काय दिसत होतं? काळ्या बायकांची रांग, आणि त्या रांगेच्या बाजूनं येणारी तसलंच काळं नेसलेली बाई. त्यांचं हसणं थांबलं. पुढं उभा असलेला एक जण म्हणाला, “वहिनी, तुम्ही बी त्यांच्यात?” पुतळाबाईनं तोंड फिरवलं. 

द्वारका रोडच्या मधोमध थांबली. पुढं जायला तोंड नव्हतं, मागं जायला जागा नव्हती. एक ट्रक हॉर्न वाजवत तिला वळसा घालून गेला तरी ती हलली नाही.

राजाबाईनं वर बघितलं ते त्या हॉर्ननं. आणि तिला धुराचा वास आला. कुठंही काही जळत नव्हतं, तरी आला. झापाच्या आड मान खाली घालून उभी राहिलेली नवी नवरी ती विसरली नव्हती. त्या वेळी कुणीतरी दुसऱ्यानं सांगितलं होतं, खाली बघ. आज तर कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं, आपणच बघत होतो. तिला स्वतःची एवढी लाज वाटली, की त्या लाजेपुढं बद्रीनाथची भीती कुठच्या कुठं गेली.

तिनं काठी खाली टाकली आणि चालायला लागली.

“राजाबाई!” मागून बद्रीनाथचा आवाज आला.

ती थांबली नाही. रोडच्या मधोमध जाऊन तिनं द्वारकाचं मनगट धरलं आणि तिला घेऊन थेट पुतळाबाईपुढं उभी राहिली. म्हातारी अजून तोंड फिरवूनच होती.

“मावशी, माझ्याकडं बघा. हे काळं संक्रांतीचं हाय. झेंड्याचं न्हाय. मीच हिला नेसायला लावलं, हिनं दिलेला शब्द पाळला. ज्यांनी तिकडं झेंडे लावले त्यांचं ते बघतील. हिला बोल लावू नका.”

“तुमची काळी तुमच्याकडं, माय,” पुतळाबाई म्हणाली. “आमची आम्हाला आज तरी निळी पायजे व्हती.”

“आमची आन् हिची येगळी न्हाय.” राजाबाईचा आवाज चढला.  “हे बघा.” तिनं थुंकी लावून आपल्या पदराचं टोक तळहातावर घासलं. तळहात काळा झाला. मग द्वारकाच्या पदराचं टोक घेऊन तिच्या तळहातावर घासलं. तोही तसाच काळा झाला. दोन्ही हात तिनं म्हातारीपुढं धरले. “एका कढईतलं हाय. माझं, हिचं, तिकडं उभ्या हायेत त्या समद्यांचं. एकाच कढईत, एकाच पाण्यात उकळलंय. मी माझ्या हातानं टाकलंय.”

हे बोलणं रोडच्या त्या बाजूच्या रांगेतही ऐकू गेलं. राजाबाईला ते कळलं तेव्हा उशीर झाला होता.  तिनं वळून बघितलं. रांगेतल्या बायका आपापल्या अंगावरच्या पातळाकडं बघत होत्या. सखूबाईनं पदर अंगापासून लांब धरला होता. आशाबाईचा चेहरा रागानं लाल झाला होता. सकाळीच तिनं ते नेसून देव्हाऱ्यापुढं सुगडं पुजली होती.

आता जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. राजाबाईनं डब्यातला तिळाचा लाडू काढला आणि पुतळाबाईच्या हातात ठेवला. हातावर टाकला नाही, बोटं तळहाताला लावून ठेवला.

म्हातारीनं तो लाडू तळहातावर फिरवून बघितला. “एवढ्या संक्रांती झाल्या ह्या गावात,” ती म्हणाली. “तिळगूळ वरनंच पडायचा हातावर.” मग तिनं तो मोडला, अर्धा सुनेच्या तोंडात घातला आणि अर्धा स्वतः खाल्ला. खाता खाता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं पुसलं नाही.

फोटो निघाला की नाही, कोण जाणे. रांग मोडली होती हे खरं. टेम्पो निघताना बद्रीनाथनं केबिनमधून मान बाहेर काढली. “राजाबाई, उद्यापासून टेम्पो तुझ्यासाठी थांबणार नाय. तिच्यासाठी बी नाय.”

रात्री भिकननं विचारलं, आता कसं? राजाबाई मोरीत बसून कमरेला लागलेला काळा पट्टा घासत होती. तो निघत नव्हता. “जाईन तशीच कामावर,” ती म्हणाली. “हाकलंल तर हाकलंल.” पण झोप तिला लागली नाही. पगार गेला तर चूल कशी पेटणार, हे तिला भिकनपेक्षा चांगलं माहीत होतं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी कर. करीला नवं काही करू नये, शक्यतो बाहेर पडू नये. राजाबाई आणि द्वारका फाट्यावर उभ्या राहिल्या. दोघींनी ठरवलेलं नव्हतं, तरी दोघी कालचंच काळं नेसून आल्या होत्या. टेम्पो आला आणि त्यांच्या अंगावर धूळ उडवून निघून गेला. फाळका लावलेला होता, ताडपत्री ओढलेली. आतलं काही दिसलं नाही.

“चल,” द्वारका म्हणाली. दोघी रोडच्या कडेनं चितेगावकडं चालायला लागल्या.  मधेच राजाबाई म्हणाली, “तुमचं घर पेटलं व्हतं तवा आमी मेंढरांच्या वाड्यात व्हतो.”

“ठावं हाय मला,” द्वारका म्हणाली. “झापातनं दिसत व्हते तुमचे पाय.”

एवढंच. पुन्हा दोघी चालत राहिल्या.

कारखान्याच्या गेटपाशी पोचल्या तेव्हा भोंगा होऊन गेला होता. बद्रीनाथ कमरेवर हात देऊन उभा होता आणि साहेब त्याच्यावर ओरडत होता, की माल आज जायचाय आणि अर्धी ओळ रिकामी का? बद्रीनाथ फक्त गेटच्या बाजूला बोट दाखवत होता.

गेटच्या बाजूला, भिंतीच्या सावलीत, चौघी जणी बाहेरच बसल्या होत्या. धनगरवाड्यातल्या दोघी, आशाबाईच्या भावकीतली एक, आणि सखूबाई. सगळ्या नव्हत्या. आशाबाई आत गेली होती, तिनं आपलं चॉकलेटी पातळ रातोरात गोठ्यात टाकून दिलं होतं म्हणे. बाकीच्याही रंगीत नेसून आत गेल्या होत्या. पण या चौघींच्या अंगावर कालचं काळं होतं.

राजाबाईला पुढं पाऊल टाकवेना. कढईचं सगळं कळून, रात्रभर त्यावर विचार करून, करीच्या दिवशी ती पातळं पुन्हा नेसून या बायका आल्या होत्या.

“किती उशीर गं?” सखूबाई म्हणाली. “तुम्ही आल्याबिगर आमी आत जात न्हाय, आसं सांगितलं त्या मेल्याला.” मेला म्हणजे साहेब की बद्रीनाथ, ते तिनं सांगितलं नाही. तिच्या गळ्यावर, कानामागं, दंडांवर काळा रंग उतरलेला होता. घासून घासून कातडी लाल झाली होती, तरी रंग तसाच होता. राजाबाई त्याच्याकडं बघते आहे हे तिला दिसलं.

“न्हाय निघत,” सखूबाई म्हणाली. “लई घासलं. मग म्हणलं, ऱ्हाऊ दे.”

साहेब गेटातून ओरडला, “याल का आत आता, बायांनो?” बद्रीनाथ बाजूला झाला. माल जायचा होता, आणि साहेबाला त्याच्या झेंड्यांशी काही देणंघेणं नव्हतं.

टेम्पो त्या दोघींसाठी पुढं कधीच थांबला नाही. दोघींनी, आणि काही दिवसांनी बाकीच्या चौघींनीही, पायी जायचा शिरस्ता धरला. पण ते पुढचं. त्या दिवशी आत जाण्याआधी सखूबाई भिंतीला धरून उठली. म्हातारपणी भुईवरून उठतानाच तिला धाप लागली होती. तिनं ओठांवरून जीभ फिरवली आणि हात पुढं केला. राजाबाईकडं नाही, द्वारकाकडं.

“पाणी आणतीस का गं,” ती म्हणाली. “तांब्याभर.”